गोगलबायची बाकीची गोष्ट

शेगुलाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हैफाच्या बंदरात, आमच्या कचेरीत, संत्र्यांच्या पेट्यांचे कागद तपासत बसले होते. फोनवर धाकटा भाऊ शिमोन होता. तो माझ्याशी नेहमी हिब्रूत बोलतो आणि मी त्याला हट्टानं मराठीत उत्तर देते, हे आमचं जुनं भांडण. त्या दिवशी मात्र तो मराठीत म्हणाला, "आत्या गेली गं, दीना," आणि पुढचं मराठी त्याला सुचेना. आमच्यात माती त्याच दिवशी देतात. दोन बसा बदलून मी ओफाकिमला पोचले तेव्हा माणसं कबरस्तानातून परत निघाली होती आणि बाबा फाटकापाशी हात धूत उभे होते.

मग सात दिवस घरात जमिनीवर बसायचं. लोक येतात, उकडलेली अंडी आणि भाकरी आणतात, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात. तिसऱ्या दिवशी गावातले एक वजनदार गृहस्थ आले. नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्यांना त्याचा आनंद होईल. त्यांनी घसा खाकरून हिब्रूत सांगितलं, "साधी बाई होती. लिहिता-वाचता येत नव्हतं, अडाणी होती, पण मन सोन्याचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. शिमोननंसुद्धा. सुतकाच्या घरात भांडू नये म्हणून मी चहाचा पेला घट्ट धरून गप्प बसले. आता तीस दिवस होऊन गेलेत आणि मला कुणी अडवू शकत नाही. अडाणी म्हणे! त्या एका शब्दाशी भांडायला मी हा लेख लिहिते आहे, आणि तो मराठीत लिहिता येतो आहे तोही तिच्यामुळंच.

मुंबईच्या वाचकांना आमची ओळख नसेल तर थोडक्यात सांगते. आम्ही बेने इस्राएल. अलिबागकडच्या खेड्यांतून मुंबईला आणि मुंबईहून बोटीनं-विमानानं इकडं आलेले मराठी ज्यू. शेगुलाआत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती आमच्याच घरात. गावच्या शाळेत ती मराठी चौथीपर्यंत शिकली होती, आणि चौथीही अशी की अक्षर बघून मास्तरांनी फळ्यावर सुविचार लिहायचं काम तिला दिलेलं. आमच्यात कीर्तनं होतात, योसेफाची, मोशेची आख्यानं, साक्या आणि दिंड्यांसकट, अस्सल मराठीत. अशा कीर्तनांच्या दोन जाड वह्या तिनं स्वतःच्या हातानं उतरवून घेतल्या होत्या. नेगेवच्या वाळवंटातल्या या ओफाकिम गावात आम्हाला आणून सोडलं तेव्हा एका साहेबानं फॉर्म भरताना विचारलं, "हिब्रू वाचता येतं?" ती म्हणाली, "मराठी येतं." त्यानं 'निरक्षर'च्या चौकोनात फुली मारली. तिची चौथी, तिची अक्षरं, तिच्या वह्या, सगळ्यावर ती फुली बसली. मला त्या साहेबाचा आजही राग येतो.

हिब्रू शिकवायचे सरकारी वर्ग असतात, त्यांना उलपान म्हणतात. आत्या तिथं सहा आठवडे गेली. मग सुताच्या फॅक्टरीत काम मिळालं, ड्यूटीची वेळ आणि वर्गाची वेळ एकच, आणि उलपान सुटलं. पण ती कुणाला तसं म्हणाली नाही. "माझं उलपान झालं," एवढंच म्हणायची, आणि म्हणायची अशा थाटात की समोरच्याला वाटावं बाई पहिल्या नंबरानं पास झाली.

फॅक्टरीतल्या बायका पै-पै जमवून कपडे धुवायचं मशीन घेत होत्या तेव्हा आत्यानं टीव्ही घेतला. आमच्या इमारतीतला पहिला. लोक हसले. "हातानं धुणं बडवायचं आणि सिनेमे बघायचे," असं बाबाच म्हणाले. आत्या म्हणाली, "हात माझे हायत ना? मग बडवू दे."

त्या टीव्हीवर दर मंगळवारी संध्याकाळी एक कार्टून लागायचं. काळं-पांढरं. एक गोगलगाय असायची, पाठीवर शंखाऐवजी जाडजूड पुस्तक. ती चालली की मागं जी चकचकीत रेघ उमटायची तिची हळूहळू अक्षरं व्हायची. मग ती थांबून पाठीवरचं पुस्तक उघडायची, त्यातून एक गोष्ट बाहेर यायची, आणि गोष्ट ऐन रंगात आली, आता जहाज बुडणार, आता वाघ झडप घालणार, की ही बया पुस्तक फटकन मिटायची! पडद्यावर शेवटी एकच वाक्य यायचं, "बाकीचं पुस्तकात," आणि खाली त्या पुस्तकाचं नाव. मुलांनी वाचनालयात जाऊन शोधावं म्हणून. कार्टून कुठल्याशा युरोपी भाषेत होतं. कोणत्या ते आम्हाला कधी कळलं नाही. खाली हिब्रू आणि अरबी ओळी यायच्या. ज्याला त्या भराभर वाचता येतील त्याला गोष्ट कळणार.

आणि आमच्याकडं वाचायची कोण? शेगुलाआत्या. फॅक्टरीतून आली की तोंड धुऊन, पदर सारखा करून ती पडद्यासमोरच्या खुर्चीत बसायची. मागं जमिनीवर पोरं, पलंगावर आमच्या इमारतीतली म्हातारी मराठी माणसं, आणि दारात शेजारची माझालबाई, मोरोक्कोहून आलेली. तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण ती पुदिन्याचा चहा घेऊन न चुकता यायची, आत्याचे हातवारे बघायला. आत्या ओळी वाचून मराठीत सांगायची, खरं तर कीर्तनच करायची. गोगलगायीला तिनं नाव दिलं गोगलबाय. "आता बघा, गोगलबाय काय म्हणतेय," असं म्हणून ती आवाज खाली आणायची. म्हातारी माणसं पुढं सरकायची. मध्येच एखादी साकीसुद्धा व्हायची. आणि शेवटी गोगलबायनं पुस्तक मिटलं तरी आत्याची गोष्ट थांबायची नाही, बाकीचं ती आपलं आपण सांगून टाकायची. मला वाचनालयाची गरजच पडली नाही. बरंही होतं, कारण तिसरीत जाऊनही मला धड वाचता येत नव्हतं.

घरात मराठी, शाळेत हिब्रू, आणि वर्गात पस्तीस पोरं. मी शेवटच्या बाकावर बसायची आणि बाईंनी नाव घेतलं की पोटात दुखतं म्हणायची. पण एका बुधवारी बाईंनी विचारलं, "काल गोगलगायीचं कार्टून कुणी बघितलं? गोष्ट कोण सांगेल?" आणि आयुष्यात पहिल्यांदा मी हात वर केला. गोष्ट होती दीपगृहातल्या म्हाताऱ्याची आणि त्याच्या बकरीची. वादळ येतं, दिवा विझतो, समुद्रात एक जहाज रस्ता शोधतंय, बकरी जिना चढू लागते… आणि पुस्तक बंद. मी उभी राहिले आणि आत्यानं सांगितलं तसं हातवारे करून सांगितलं. दिवा का विझला? तर त्या म्हाताऱ्यानं एलियाहू हान्नावी या संदेष्ट्याला नवस केला होता, मुलगा बोटीवरून सुखरूप परत आला तर मलिदा करीन म्हणून. मुलगा आला आणि हा मलिदा करायचा विसरला! मग संदेष्टा रागावणार नाही तर काय? शेवटी बकरी तोंडात नारळ धरून वर येते, म्हातारा पोहे भिजवतो, गूळ-खोबरं घालतो, पाच फळं मांडतो, प्रार्थना म्हणतो, आणि दिवा आपोआप लागतो.

मग मागून एका मुलीनं विचारलं, "मलिदा म्हणजे काय?" आणि मी पोहे कसे भिजवायचे ते सांगू लागले तेव्हा अख्खा वर्ग फुटला. पोरं बाकांवर डोकी आपटून हसत होती. मलिद्याचा नवस आम्हा बेने इस्राएलांशिवाय जगात कुणी करत नाही, हे मला तरी कुठं ठाऊक होतं! मला वाटायचं दीपगृहवाले पण करत असतील. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट निघालं. बाबांना शाळेत बोलावलं गेलं. मुलीला वाचलेलं समजत नाही, कल्पना आणि खरं यात गोंधळ आहे, वसंतात पेसाहच्या सणाआधी शाळेच्या सल्लागार बाई तिची वाचनाची परीक्षा घेतील, जमलं नाही तर तिला 'मंद' मुलांच्या वर्गात घालू. तिथून पुढं शिवणकामाला पाठवतात, असं बाबांना समजावून सांगण्यात आलं. आमच्या गावातल्या कितीतरी मुली अशाच गेल्या होत्या. बाबा घरी येऊन म्हणाले, "शिवणकाम काय वाईट आहे? पोटापुरतं तरी होईल."

आत्या भाकरी थापत होती. म्हणाली, "वाईट नाय. पण ते दीनानं ठरवायचं. ती बाई कोण ठरवणारी?"

मला तोवर कळलेलं होतं. वर्गातल्या त्या मुलीनं मधल्या सुट्टीत मला खरं सांगितलं होतं, पडद्यावर काय काय लिहिलं होतं ते. नवस नाही, नारळ नाही. पुढच्या मंगळवारी सगळे जमले, गोगलबाय आली, आत्यानं तोंड उघडलं, आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "खोटं! तुला वाचताच येत नाही!" पलंगावरची माणसं माझ्याकडं बघायला लागली. बाबा उठून उभे राहिले, आधी मला मारायला आणि मग, अर्थ लक्षात आल्यावर, बहिणीकडं वळले. "म्हणजे शाळेत पोरीचं हसं झालं ते तुझ्यामुळं?" आजही ते आठवलं की माझे कान तापतात. नऊ वर्षांची असले तरी काय झालं, मला माहीत होतं मी काय करते आहे. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, इतकी मी चिडलेली होते.

आत्या रडली नाही. लाजली पण नाही. खुर्चीतून उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "नाय येत. मग? तुला येतंय ना? तू शाळेत जातेस. बस इकडं." आणि तिनं मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

मला काही येत नव्हतं! पण ते सांगायची आता सोय राहिली नव्हती. पडद्यावरच्या ओळी थांबत नाहीत हो… पुस्तकात बोट ठेवून अडखळता येतं, तिथं पहिला शब्द जुळवेपर्यंत ओळ गेलेली असते. त्या मंगळवारी मी एकूण चार शब्द वाचले. "समुद्र," "नाही," "आजोबा," आणि पुन्हा "नाही." म्हाताऱ्या मंडळींनी कपाळावर हात मारले. एक काका म्हणाले, "शेगुलाबाय, तुझीच ष्टोरी फर्स्टक्लास होती, तूच सांग." आत्या म्हणाली, "नाय. आता खरी ऐकायची. आजचे चार शब्द, पुढच्या वेळी आठ होतील." माझालबाईनं मला चहा दिला, मोठ्या माणसांच्या पेल्यात.

आठ झाले, मग वीस झाले. आठवडाभर मी दुकानांच्या पाट्या, दुधाच्या पिशव्या, दवाखान्यातल्या भिंतीवरच्या सूचना पळत पळत वाचायची सवय केली. आत्याच मला पळवायची. हात धरून भराभर चालायची आणि विचारायची, "काय लिवलंय? गेलं! आता ह्याच्यावर काय लिवलंय?" रात्री जेवताना मी शिकलेलं अक्षर तिला ताटात, डाळीत बोट बुडवून काढून दाखवायची. आणि एक नवीच अडचण झाली. आता गोष्ट खरी होती, म्हणून शेवट सांगायला कुणीच नव्हतं. गोगलबाय पुस्तक मिटायची आणि सगळे माझ्याकडं बघायचे. एका पोराच्या हातून पतंग सुटून तो पतंगामागं शेजारच्या देशात गेला, तिथंच पुस्तक बंद झालं, तेव्हा आत्याला राहवेना. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीच्या कपड्यांतच ती मला घेऊन वाचनालयात गेली.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि एक कडक बाई. तिनं पुस्तक काढून दिलं, ते माझ्या हातून निसटून खाली पडलं. आमच्यात प्रार्थनेचं पुस्तक पडलं तर उचलून त्याचं चुंबन घेतात. आत्यानं ते उचललं, चुंबन घेतलं आणि वर कपाळालाही लावलं, कोकणातल्या शाळेत लावायची तसं. ती बाई म्हणाली, "अहो, हे मुलांचं पुस्तक आहे. पवित्र नाही काही." आत्याचं हिब्रू तेव्हा भाजीबाजारापुरतं होतं. तिनं शब्द गोळा केले आणि विचारलं, "पुस्तक आहे का नाही?" बाई म्हणाली, "आहे." "मग झालं," आत्या म्हणाली, आणि स्वतःच्याही नावाचं कार्ड मागितलं. बाईनं विचारलं, तुम्हाला वाचता येतं का? आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ही शिकवतेय." ते कार्ड तिला मिळालं. पुढं बारा-तेरा वर्षं ती ते वापरत होती. आधी चित्रांची पुस्तकं, मग मुलांची, मग मोठ्या अक्षरांच्या कादंबऱ्या. त्या वजनदार गृहस्थांनी वाचनालयात कधी पाऊल टाकलं असतं तर त्यांना ती तिथं दिसली असती.

परीक्षेच्या दिवशी आत्या कामावर खाडा करून शाळेच्या बोळात उभी राहिली. सल्लागार बाईंनी मला एक पान दिलं आणि मी ते वाचलं, म्हणजे एका दमात गिळलंच. त्या दचकून म्हणाल्या, "अगं, हळू! कोण लागलंय तुझ्या मागं?" मी म्हटलं, "हळू वाचलं तर ओळ जाते." त्यांना काही कळलं नाही. मला आधीच पाठ असावं असं वाटून त्यांनी दुसरं पान दिलं, मग कपाटातलं भलतंच एक पुस्तक उघडून तिसरं. तिन्ही वाचली. पहिल्या पानातली गोष्ट सांग म्हणाल्या, सांगितली. माझं नाव त्या यादीतून खोडलं गेलं. बाहेर येऊन मी आत्याला सांगितलं तेव्हा ती त्या बाईंच्या दारात गेली आणि मराठीत, अगदी शांतपणे, म्हणाली, "बाय, आता आपलं शिवणकाम तू कर." मग मला घेऊन घरी आली आणि पोहे भिजवले. नवस तिनं खरंच केलेला होता.

पुढं युद्ध आलं. दुपारी भोंगे वाजायचे आणि सगळी इमारत तळघरातल्या निवाऱ्यात जाऊन बसायची. टीव्हीवर नुसत्या बातम्या. गोगलबाय बंद. पोरं रडायला लागली की आत्या गोगलबायच्या गोष्टी सांगायची, मराठीत, आपल्याच मनच्या. मी शेजारी बसून त्या माझालबाईच्या पोरांना हिब्रूत सांगायची, आणि एकही शब्द बदलायची नाही. कार्टून पुन्हा सुरू झालं, काही वर्षं चाललं आणि मग केव्हातरी बंद पडलं. कचेरीत माझ्या वयाचे लोक त्याची आठवण काढतात, सगळ्यांना त्याचं सुरुवातीचं गाणं तोंडपाठ आहे. मला ते गाणं येत नाही, कारण गाणं चालू असताना आत्या बोलत असायची. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

मोठी झाल्यावर मी तिला एकदा विचारलं होतं, "तू मुद्दाम खोटं सांगायचीस ना? मी चिडून वाचायला शिकावं म्हणून?" असं असतं तर किती छान लेख झाला असता! ती म्हणाली, "छट्! मला वाटलं कुणाला कळणारच नाय." आणि खूप हसली. तिला थोर करायची मला हौस नाही. ती थापा मारायची, भांडायची, हार मानायची नाही, आणि पंचावन्नाव्या वर्षी एका पोरीकडून डाळीतली अक्षरं शिकली. अडाणी माणसं असं करतात का, ते त्यांनीच सांगावं.

शेवटची भेटले ती बेरशेबाच्या इस्पितळात. मोतीबिंदूनं तिची नजर गेली होती आणि बाकीच्या शरीरानंही आवरतं घेतलं होतं. वॉर्डात भिंतीवर टीव्ही होता, रंगीत, त्यावर कुठलासा परदेशी सिनेमा चालला होता. तिनं नेहमीसारखं विचारलं, "काय लिवलंय?" मी तिच्या कानाशी वाकून एकेक ओळ मराठीत सांगत होते. सिनेमात एक म्हातारी आजारी असते. तिचा मुलगा बोळात डॉक्टरला गाठतो. मी सवयीनं वाचत गेले, "डॉक्टर म्हणतोय, आता आमच्या हातात काही नाही…" आणि जीभ चावली.

आत्यानं मान माझ्याकडं वळवली. "नीट वाच गो," ती म्हणाली.

मी पडद्याकडं बघितलं. डॉक्टर अजून तिथंच होता. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतोय, दोन दिवसांत घरी न्या. पण पायऱ्या चढू देऊ नका."

"हां. आता कसं," आत्या म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

पलीकडच्या खाटेवर आमच्यातलीच एक म्हातारी होती, दिमोना गावची. ती इतका वेळ टीव्हीही बघत होती आणि आमचं ऐकतही होती. ती माझ्याकडं झुकून हळूच म्हणाली, "बाय, पण तिथं तसं लिवलेलं नव्हतं."

मी म्हटलं, "होतं."